शेपटी यायची आहे

तसं काम अगदी साधं होतं. एका पाहुण्याच्या मोटरसायकलची क्लचची केबल तुटली होती, आणि ती आणायला एलीजो खाली तोर्तोली गावात गेला होता. गेल्या वर्षीचा ऑक्टोबर, तिसरा गुरुवार. घड्याळं अजून हिवाळ्यासाठी तासभर मागे घ्यायची होती. मेलेल्यांची रात्र नव्हे ती. ती नोव्हेंबरात, तेव्हा आपण ताटं मांडून ठेवतोच, आणि काही घडलं तर कोणी नवल करत नाही. ही आपली साधी गुरुवारची रात्र.

हसू नकोस मावरो, तुझ्यासाठीच सांगतोय. आज दुपारी तू फाटा सोडून निघून आलास तेव्हा मी तुला काही बोललो नाही. पाहुण्यांसमोर घरच्या पोराचा कान धरणं बरं दिसत नाही. इलारिया, ती बाटली इकडे सरकव आणि बाहेरचा दिवा घालव, किडे येतात.

"काका, मी जरासाच आधी निघालो. शेवटची गाडी मला खालच्या वळणावर दिसत होती."

"दिसत होती. पण आली होती का?"

"येणारच होती ना."

हं. येणारच होती. तुमचा मालक एलीजो, तोही एकदा हेच म्हणाला होता. आज तो पाहुण्यांना आणायला बंदरावर गेलाय म्हणून बोलतो. त्याच्या तोंडावर बोलणार नाही, आणि तुम्हीही विचारू नका.

रांगेत गाड्या चालवायचा नियम तुम्हा दोघांना पाठ आहे, तरी एकदा मोठ्याने म्हणतो. सगळ्यात पुढे वाट माहीत असलेला. सगळ्यात मागे शेपटी. तिच्याकडे अवजारं, औषधं आणि दुनियेभरचा धीर. फाटा आला की पुढच्याच्या लगेच मागचा पाहुणा तिथे थांबतो, सिग्नल चालू ठेवतो आणि वळायच्या बाजूला हात धरतो. ती जागा म्हणजे कोपरा. बाकीचे त्याच्याकडे बघून वळतात. शेवटी शेपटी येते, त्याच्या मागे थांबते, दिवा एकदा मोठा करून बारीक करते, आणि मगच तो निघतो. तो पुढे, शेपटी मागे. शेपटी कधी कोणाला मागे ठेवत नाही. एवढंच. उत्तरेकडून येणारे पाहुणे हा नियम देवाचं वचन असल्यासारखा पाळतात. आपलं तसं नाही. आपण इथलेच, आपल्याला कोण शिकवणार? आपला घोळ तिथेच होतो.

एलीजो आणि जेझुईनो, सख्खे भाऊ. एलीजो पुढे असायचा, जेझुईनो शेपटी. जेझुईनोला तुम्ही पाहिलं नाही. बडबड्या माणूस, जुन्या दोन सिलिंडरच्या गाडीवर फिरायचा. एखाद्या बाईची गाडी चढावर बंद पडली तर तो आधी तिला हसवायचा आणि मग प्लग बघायचा. पास्क्वीना त्याची बायको. हो, आपल्या स्वयंपाकघरातली पास्क्वीना, तीच.

तीन वर्षांपूर्वी, असाच ऑक्टोबर, हंगामातली शेवटची फेरी. दिवसभर समुद्राच्या कडेकडेने आले, संध्याकाळी बाउनेई सोडून वर चढले, अंधार पडता पडता इथे पोहोचले. वरच्या फाट्यावर, ते रस्तेवाल्यांचं लाल घर आहे ना, रिकामं, तिथे त्यांनी योरिस नावाच्या पाहुण्याला उभं केलं होतं. हॉलंडचा पोरगा, काठीसारखा उंच. इथे सगळे आले, बूट काढले, पास्क्वीनाने बटाटा भरलेले कुलुर्जोनेस उकळायला टाकले. योरिस आणि जेझुईनो तेवढे यायचे होते. बराच वेळ झाला. एलीजोने योरिसला फोन लावला. मी त्याच्या शेजारीच उभा होतो, पाव कापत.

योरिस म्हणाला, शेपटी आलेली नाही.

एलीजो हसला. म्हणाला, "अरे सोड तो कोपरा. तो इथेच जन्मलाय, त्याला कसली वाट दाखवतोस? ये तू, जेवण थंड होतंय."

पोरगा आला. तोंड पडलेलं, पण आला. यजमानच सांगतोय म्हटल्यावर काय करणार? मी त्याच्या पुढ्यात ताट ठेवलं. पास्क्वीनाने विचारलं, "जेझुईनो कुठाय?" एलीजो म्हणाला, "कुठेतरी कोणाशी गप्पा मारत उभा असेल, तुझा नवरा तुला माहीत नाही का?" सगळे हसले. मीही हसलो.

मावरो, कोपरा शेपटीला वाट दाखवायला नसतो. शेपटी आली हे कळायला असतो. हे एवढं जरी डोक्यात शिरलं तरी पुरे.

उशिरा शोधायला गेले. पण कुठे शोधणार? फाट्यावर माणूस असता तर निदान कळलं असतं की तो फाट्याच्या खालीच राहिलाय. हे लोक अर्धी रात्र वरच्या रस्त्याने फिरले, अलीकडे पलीकडे. पहाटे एका धनगराला दरीत उजेड दिसला. पिवळा, विझत आलेला. बॅटरी संपत आलेला गाडीचा दिवा. फाट्याच्या खाली तिसऱ्या वळणावर, जिथे कठडा फुटलाय तिथून गेला होता तो. रस्त्यावर रानडुकराचं रक्त होतं. डॉक्टर म्हणाला, पडल्यावर लगेच गेला नाही. रात्र बरीचशी काढली त्याने.

हे डॉक्टरने सांगायला नको होतं, असं मला अजून वाटतं.

पुरून आल्यावर पास्क्वीनाने एलीजोला एकच गोष्ट विचारली. "कोपऱ्यावर कोण होतं?"

तो म्हणाला, "कोणी नव्हतं. मीच बोलावून घेतलं."

खरं बोलला. त्यासाठी तरी मी त्याला मानतो. त्यानंतर दोन वर्षं ती त्याच्याशी एक अक्षर बोलली नाही. स्वयंपाकघर इथलंच, जेवणारा इथलाच. ती त्याच्यापुढे ताट ठेवायची, तो खायचा, ती ताट उचलायची. शिव्या दिल्या असत्या तरी बरं झालं असतं.

आणि एलीजो? तो रडला नाही. दारू वाढली नाही, धंदा बंद केला नाही. तेल बदलायचा, चाकं बघायचा, पाहुण्यांना समुद्र दाखवायचा. फक्त तेव्हापासून स्वतः मागे चालवायला लागला. हात चालायचे, माणूस बधिर. एकदा गरम सायलेन्सरला त्याचं मनगट टेकलं आणि तसंच राहिलं. मला चरचर ऐकू आली, त्याला नाही. मी ओरडून हात ओढला तर मनगटाकडे असं बघत राहिला, जसं काही दुसऱ्या कोणाचं आहे. मी म्हटलं, "लेका, एकदा रडून घे." म्हणाला, "येत नाही, बाकीझिओ. बसून पाहिलं. येत नाही."

तर तो गुरुवार.

केबल मिळाली. दुकानदाराशी दोन शब्द बोलला, कॉफी प्यायला आणि निघाला. बाउनेईत दिवे लागले होते. बाउनेईच्या वर रस्ता मोकळा, एक गाडी नाही. समुद्राकडून वारा. हे सगळं त्याने मला त्याच रात्री चुलीपाशी बसून सांगितलं. एकदाच. मी पुन्हा विचारलं नाही आणि त्याने पुन्हा काढलं नाही.

चढ सुरू झाल्यावर त्याला आरशात एक दिवा दिसला. एकच. म्हणजे मोटरसायकल. दोन-तीन वळणं खाली. त्याला काही वाटलं नाही. त्याला तेव्हा कशाचंच काही वाटत नव्हतं. हा हळू झाला की तो दिवाही हळू. हा वेगात गेला की तोही वेगात. अंतर तेवढंच.

शेपटी तशीच चालवते. तुम्हाला माहीत आहे.

फुटक्या कठड्याचं वळण आलं. तिथे तो कधी बघायचा नाही, त्या रात्रीही बघितलं नाही. पुढे गेला. मग आरशात नजर टाकली.

दिवा नव्हता.

असेल कोणीतरी, थांबला असेल. एलीजो फाट्यापर्यंत आला. ते लाल घर, शिकाऱ्यांच्या गोळ्यांनी चाळण झालेली ती रस्त्याची पाटी. उजवीकडे वळायला त्याने सिग्नल दिला. आणि तेवढ्यात फोन वाजला.

फोन माझा होता.

इथे, या दारात उभा राहून मी तो केला होता. पाहुणे जेवायला बसले होते, पास्क्वीनाने त्याचं ताट झाकून ठेवलं होतं. मी म्हटलं, "कुठायस रे? ये तू, जेवण थंड होतंय."

इलारिया, असं बघू नकोस. माझ्या लक्षातही आलं नाही. माणूस फोनवर दुसरं काय म्हणतो?

तिकडून फक्त वारा. मग एलीजो म्हणाला, "मी कोपऱ्यावर आहे."

"कसल्या कोपऱ्यावर? पाहुणे तर सगळे इथे आहेत."

"शेपटी यायची आहे."

मला वाटलं, झालं. दोन वर्षं दाबून ठेवलेलं आज डोक्यात गेलं याच्या. मी काही बोलणार... तर मला फोनमध्ये एक इंजिन ऐकू आलं. लांब, खाली. एलीजोचं इंजिन बंद होतं, नाहीतर ते मला ऐकूच आलं नसतं. आणि जुनी गाडी होती ती. दोन सिलिंडरची. तसला आवाज आजकाल कोणाच्या गाडीचा नसतो.

मग फोन बंद झाला.

मी मागे वळलो तर पास्क्वीना. हातात फडकं. तिने काय ऐकलं, किती ऐकलं, ठाऊक नाही. म्हणाली, "कुठे आहे तो?" दोन वर्षांत तिने त्याची ही पहिली चौकशी केली.

"फाट्यावर," मी म्हटलं. "मी जाऊन आणतो त्याला."

"नको," ती म्हणाली. "त्याला तिथून हलवू नका."

तिकडे एलीजो उभा होता. गाडी कडेला, इंजिन बंद, सिग्नल चालू. टक, टक. त्या उजेडात ते लाल घर दिसायचं, जायचं. दिसायचं, जायचं.

खालून आवाज येत होता. पहिलं वळण. गिअर कमी झाला. दुसरं वळण. पुन्हा गिअर. दरीच्या पलीकडच्या अंगावर दिव्याचा झोत फिरला. मग तिसरं, फुटक्या कठड्याचं वळण...

बंद.

आवाज नाही. उजेड नाही. पडल्याचासुद्धा आवाज नाही. नुसतं बंद.

एलीजो उभाच. मग पुन्हा, अगदी खालून, पहिल्यापासून. पहिलं वळण. दुसरं. गिअर. झोत. तिसरं...

बंद.

पुन्हा.

पुन्हा.

किती वेळा, त्याने मोजलं नाही. तो म्हणाला, "बाकीझिओ, मला भीती वाटली नाही. मला एवढंच वाटलं, की हा दोन वर्षं रोज हेच करतोय. आणि वर कोणी नाही."

त्याला पळून येता आलं असतं. वाट मोकळी होती, किल्ली गाडीलाच होती. इथे उजेड होता, माणसं होती, जेवण होतं. एकदा त्याचा हात किल्लीकडे गेलासुद्धा. मग त्याने हात मागे घेतला आणि कोपऱ्यावरचा धरतो तसा आडवा धरला. वळायच्या बाजूला. आपल्या घराच्या बाजूला.

थंडी होती. हात जड झाला. मग दुखला. दुखला, बरं का. दोन वर्षांनी त्याला काहीतरी दुखत होतं. खांद्यापासून बोटापर्यंत. त्याने खाली घेतला नाही.

खालून आवाज निघाला. पहिलं वळण.

दुसरं.

गिअर...

तिसरं.

आवाज थांबला नाही.

वर येत राहिला. जवळ. आणखी जवळ. झोत रस्त्यावर आला, पाटीवर आला, पाटीच्या भोकाभोकांतून पलीकडे गेला. एलीजोने मान वळवली नाही. कोपऱ्यावरचा मागे बघत नाही. तो हाताने वाट दाखवतो, बस.

गाडी त्याच्या मागे येऊन थांबली. इंजिन चालू. धड, धड, धड. गरम तेलाचा वास.



एवढा बडबड्या जेझुईनो... आणि बोलला नाही.

मग दिवा एकदा मोठा झाला. बारीक झाला.

एलीजोने हात खाली घेतला. किल्ली फिरवली. निघाला.

सावकाश. वळण. वळण. आरसा उजेडाने भरलेला. अंतर तेवढंच. वारा पडला होता. आणि मग त्याच्या एक गोष्ट लक्षात आली. मागे एवढा उजेड... तर पुढे रस्त्यावर आपली सावली पडायला हवी.

सावली नव्हती.

त्याने आरशात बघणं सोडलं. पुढे बघत राहिला. मागे आवाज होता. तेवढा पुरे होता, म्हणाला.

इथे आम्ही दोघं फाटकाशी उभे होतो. मला एकच गाडी ऐकू आली. खोटं कशाला बोलू, एकच. एक दिवा वळणावरून आला, एलीजो फाटकातून आत आला आणि भिंतीशी थांबला. मी फाटक ढकलायला गेलो. पास्क्वीनाने माझा हात धरला.

तिने फाटक धरून ठेवलं. उघडं. बाहेर अंधार, रस्ता रिकामा. ती रस्त्याकडे बघत नव्हती, खाली जमिनीकडे बघत होती. एक गाडी सावकाश आत यायला जेवढा वेळ लागतो... तेवढा वेळ. मग तिने स्वतःच्या हाताने फाटक लावलं आणि कडी घातली.

एलीजोच्या बोटांना हेल्मेटचा पट्टा सुटेना. पास्क्वीना त्याच्यासमोर गेली आणि तिने पट्टा सोडवला. हेल्मेट काढलं तर सगळं तोंड ओलं. रडत होता तो. कधीपासून, देव जाणे. पुरुष माणूस, पन्नाशी उलटलेला, पोरासारखा हुंदके देत होता.

"आला," तो म्हणाला. "शेवटचा आला."

ती म्हणाली, "आत चल. जेवण थंड झालंय, गरम करते."

त्याला ती बोलली. इतकंच बोलली, पण बोलली. त्या रात्री त्याने ताट पुसून खाल्लं आणि मग चुलीपाशी बसून मला हे सगळं सांगितलं. पहाटे केव्हातरी बसल्या जागी झोपला. मी आणि पास्क्वीना जागेच होतो. दोघांपैकी कोणीही अंगणाकडे तोंड करून बसलं नाही.

"काका, थकलेला माणूस," मावरो, तू म्हणणार. "दोन वर्षं झोप नाही, डोक्यावर ओझं." म्हण. मीही सकाळपर्यंत स्वतःला तेच सांगत होतो. फोनमध्ये आवाज काय, वाऱ्याचाही येतो.

रात्री थोडा पाऊस पडून गेला होता, आम्ही फाटकाशी उभे राहायच्या आधीच. अंगण मऊ होतं. उजाडल्यावर मी आणि एलीजो बाहेर आलो. मऊ जमिनीत स्टँड रुततो, म्हणून आपण त्याखाली काहीतरी चपटं सारतो, तसा त्याने आपल्या स्टँडखाली फळीचा तुकडा सारला होता. गाडी नीट उभी होती. त्याच्या चाकांचा माग फाटकापासून भिंतीपर्यंत.

त्याच्या मागाच्या मागे आणखी एक माग होता. अरुंद टायरचा, जुन्या नक्षीचा. फाटकातून आत आला होता, एलीजोच्या गाडीला लागून थांबला होता. आणि तिथे, बरोबर जिथे दुसऱ्या गाडीचा स्टँड येईल तिथे, एक चपटा दगड. चिखलात चांगला दाबला गेलेला. वरती लोखंड टेकल्याची ताजी, पांढरी चकती.

गाडी नव्हती. बाहेर जाणारा माग नव्हता. फाटकाची कडी आतून घातलेली होती, पास्क्वीनाने घातली तशीच.

एलीजोने बराच वेळ बघितलं. मग त्याने आपली गाडी स्टँडवरून काढली आणि हातभर बाजूला नेऊन लावली. शेजारच्याला गाडी काढायला अडचण होऊ नये म्हणून आपण लावतो ना, तशी.

दगड अजून तिथेच आहे. मी उचललेला नाही.